लिमिटर रेटला तरी गाणं दणदणत नाही, त्यावर उपाय

तक्रार नेहमीची. घरच्या स्टुडिओत लोकगीताच्या बाजाचं गाणं केलंय: ढोलकी, हलगी, ताशा, खाली प्रोग्रॅम केलेली किक, सिंथ बेस, पेटी, मुख्य आवाज आणि कोरस. मिक्स होईपर्यंत सगळं बरं चाललं होतं. शेवटी मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या शेवटच्या वाटेवर, लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं प्लगिन) लावला, रेटत नेला, मीटर उणे ८ एलयूएफएस (लाऊडनेस मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) दाखवायला लागलं आणि ढोलकी बसली. थाप ऐकू येते, पण लागत नाही. शेजारी बाजारातलं एखादं गाणं लावावं तर मीटरवर आकडा तोच, आणि ते मात्र अंगावर येतं. मग दुसरा लिमिटर डाउनलोड होतो. मग तिसरा.

लिमिटर बदलून हे सुटत नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा त्याच्या आधी झालेला असतो. मिक्सच असं येतं की लिमिटरला एकट्याला सात-आठ डीबी (डेसिबल) कापावे लागतात, आणि एकाच जागी एवढं कापायला लावलं की कुठलाही लिमिटर थाप खातो. हे काम वाटून द्यायचं: थोडं ट्रॅकवर, थोडं तालवाद्यांच्या बसवर (ते ट्रॅक एकत्र येतात त्या वाटेवर), थोडं मास्टर बसवर, आणि लिमिटरच्या वाट्याला दोन-तीन डीबी. वाटणी कशी करायची आणि ती कुठे फसते, ते आता बघू.

आवाज जुळवल्याशिवाय काहीच ठरवू नका

कंप्रेसरचा (मोठा आवाज दाबणाऱ्या प्लगिनचा) ऑटो मेकअप गेन, म्हणजे दाबलेलं आपोआप परत वर उचलणं, बंद करा. तो चालू असेल तर कंप्रेसर लावल्याबरोबर आवाज वाढतो, आणि एक डीबीने मोठं झालेलं काहीही कानाला चांगलंच वाटतं. चालू-बंद करून बघताना दोन्ही वेळा आवाज सारखा हवा. तो सारखा केला की लावलेल्या कंप्रेसरांपैकी निम्मे काढून टाकावेसे वाटतात. काढा.

बाजारातलं गाणं तुलनेला घेतानाही हेच. ते मास्टर झालेलं असतं, तुमचं अजून नाही. त्याचा फेडर (आवाजाची पट्टी) सहा-आठ डीबी खाली घ्या आणि मग ऐका. ते खाली आणूनही जर त्यातली ढोलकी तुमच्यापेक्षा पुढे येत असेल, तर तुमची अडचण मिक्समध्ये आहे आणि पुढचं वाचण्यात अर्थ आहे. तसं नसेल तर तुमचं मिक्स बरंच ठीक आहे, फक्त घाई झाली होती.

थाप नेमकी असते कुठे

ढोलकीच्या शाईवरची एक थाप वेव्हफॉर्ममध्ये मोठी करून बघा. सुरुवातीला काही मिलिसेकंदांचा एक उंच सुळका दिसेल. त्यामागे शे-दीडशे मिलिसेकंद ओसरत जाणारा नाद. कानाला जो ‘टण्’ बसतो तो सुळका आणि मागचा नाद यांच्यातल्या फरकामुळे. फरक मोठा, तर थाप खणखणीत. फरक बुजला, तर ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी सपाट.

कंप्रेसर स्वतः काहीही मोठं करत नाही. तो थ्रेशोल्डच्या (तुम्ही ठरवलेल्या पातळीच्या) वर गेलेलं खाली दाबतो, बास. ४:१ रेशोला थ्रेशोल्डच्या ८ डीबी वर गेलेला आवाज २ डीबी वर उरतो, म्हणजे ६ डीबी कापले गेले. आता हे ६ डीबी कुठले कापायचे, सुळक्याचे की नादाचे, ते अटॅक (कंप्रेसर दाबायला किती वेळ घेतो तो) ठरवतो. अटॅक अर्धा मिलिसेकंद ठेवलात तर सुळकाच जातो. अटॅक २०-३० मिलिसेकंद ठेवलात तर सुळका सुटून पुढे निघून जातो, कंप्रेसर मागच्या नादावर बसतो आणि थाप आधीपेक्षा धारदार वाटते.

इथेच पेच आहे. धारदार थाप म्हणजे उंच सुळका, आणि सुळका उंच म्हणजे मास्टरवर जागा कमी. पंच आणि लाऊडनेस दोन बाजूंना ओढतात. म्हणून ‘स्लो अटॅक लावा, पंच येईल’ हा सल्ला अर्धाच आहे. सुळका आधी घडवायचा आणि मग त्याचं टोक, फक्त टोक, क्लिपरने उडवायचं. सॉफ्ट क्लिपर दीड-दोन डीबी उडवतो तो एखाद्या मिलिसेकंदापुरता. तेवढ्या वेळात झालेली मोडतोड कानाला सहसा कळत नाही. कंप्रेसर मात्र एकदा खाली गेला की वर यायला शे-दोनशे मिलिसेकंद घेतो, आणि ते कळतं.

अटॅक-रिलीज कानाने लावायची रीत

आकडे पाठ करून उपयोग नाही. एका प्लगिनचे १० मिलिसेकंद म्हणजे दुसऱ्याचे १० नव्हेत, प्रत्येक कंपनी अटॅकचा वेळ आपापल्या पद्धतीने मोजते. त्यामुळे अतिरेक करून ऐकायचं आणि मग मागे यायचं.

फक्त ढोलकी वाजवा. रेशो ८ किंवा १०, थ्रेशोल्ड इतका खाली की सुई १२-१५ डीबी कापते आहे. ऐकायला भयंकर वाटेल, वाटू द्या. अटॅक सगळ्यात संथ ठेवा आणि हळूहळू जलद करत या. एका ठिकाणी थापेची धार अचानक बोथट होते. तिथून थोडं मागे या. अटॅक झाला. आता रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) सगळ्यात जलद ठेवा, नाद प्रत्येक थापेनंतर उसळी मारून वर येताना ऐकू येईल. तो संथ करत न्या, इतका की पुढची थाप पडायच्या जरा आधी सुई शून्याजवळ परतते. सुई लयीत नाचली पाहिजे. मग रेशो ३-४ वर आणा, थ्रेशोल्ड वर न्या, तीन-चार डीबीच कापलं जाऊ द्या.

लयीचा हिशेब सोपा आहे. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाच्या ठोक्यांनी) भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १०० च्या लयीला ६००. ढोलकी एका ठोक्यात चार बोल वाजवत असेल तर दोन बोलांमध्ये फक्त १५० मिलिसेकंद. रिलीज ३०० ठेवलात तर सुई परततच नाही. सहा डीबीवर अडकून राहते. म्हणजे तो कंप्रेसर उरला नाही, फेडर खाली ओढल्यासारखं झालं, आणि वर तुम्ही मेकअप देऊन ते परत वर ओढताय. ‘कंप्रेसर लावला पण फरकच नाही’ म्हणणाऱ्यांकडे बहुधा हेच सापडतं.

दोन छुप्या जागाही तपासून घ्या. पहिली लुकअहेड. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या रीकॉम्प कंप्रेसरमध्ये ‘प्री-कॉम्प’ नावाची पट्टी असते, तिच्यात काही मिलिसेकंद पडलेले असतील तर थाप यायच्या आधीच कंप्रेसर सरसावतो आणि तुम्ही लावलेल्या अटॅकला अर्थ उरत नाही. थापेसाठी ती शून्यावर हवी. दुसरी जागा ११७६ या जुन्या कंप्रेसरच्या नकला. बिल पटनम यांच्या १९६७ च्या या यंत्रावर अटॅक आणि रिलीजची बटणं उलटी आहेत: ७ म्हणजे सर्वात जलद, १ म्हणजे संथ. आणि त्यातला सर्वात संथ अटॅकसुद्धा ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे एक मिलिसेकंदही नाही. ढोलकीचा सुळका मोकळा सोडायला हे हत्यार नाहीच. गायकाच्या आवाजावर ते सोनं आहे: अचानक उसळलेली हाक ११७६ ने पकडायची, दोन-तीन डीबी, आणि त्यामागे एलए-टूए हा संथ कंप्रेसर लावून सगळी ओळ सावकाश सारखी करायची. दोघांनी थोडं थोडं काम केलं तर आवाज पुढे राहतो आणि दाबलेलाही वाटत नाही.

ताशा: एकटा सगळं गाणं खाली पाडणारा

लिमिटरचं मीटर बघत गाणं ऐका. प्रत्येक वेळी सुई खोल जाते तेव्हा कोण वाजतंय? ताशा असेल तर वाजतोय ताशा आणि खाली बसतंय सगळं गाणं. काड्यांचा तो कडकडाट सरासरीत फार मोठा नसतो, पण त्याचे सुळके भयंकर उंच असतात. लिमिटर त्यांच्यासाठी झुकतो आणि त्यासोबत गायक, पेटी, कोरस सगळेच झुकतात.

ताशावर कंप्रेसर लावून हे सहसा सुधारत नाही. अटॅक संथ ठेवला तर सुळका सुटतो, जलद ठेवला तर ताशा बाहेरून वाजल्यासारखा लांब जातो. ताशाच्या ट्रॅकवरच सॉफ्ट क्लिपर लावा. ऐकू येईपर्यंत खाली आणा, ऐकू आलं की एक डीबी मागे. तीन-चार डीबी सहज निघतात, आणि तेवढीच जागा मास्टरवर सगळ्यांना मिळते. हलगीलाही हाच उपाय, थोडा कमी.

थाप पडली की गायक मागे जातो

मास्टर बसवर कंप्रेसर आहे आणि किक किंवा ढोल पडला की गायकाचा आवाज दचकल्यासारखा खाली-वर होतो. याला पंपिंग म्हणतात आणि काही नृत्यगीतांत ते मुद्दाम करतात. लोकगीतात ते घाणेरडं वाटतं, असं माझं मत.

कारण सरळ आहे. खर्जात ऊर्जा सर्वात जास्त, म्हणून कंप्रेसर खर्जाच्या तालावर नाचतो. त्याच्या डिटेक्टरला (कधी दाबायचं ते आवाज मोजून ठरवणाऱ्या भागाला) खर्ज ऐकूच देऊ नका. साइडचेनचा (डिटेक्टरकडे जाणाऱ्या वाटेचा) हायपास, म्हणजे खालचा भाग अडवणारा फिल्टर, १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास लावा. रीकॉम्पमध्ये ‘हायपास’ची पट्टी हेच करते, ती गाण्यातला खर्ज कापत नाही, फक्त डिटेक्टरला बहिरा करते. मग रेशो २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज ऑटो, आणि सुई दीड-दोन डीबीपर्यंतच. एसएसएल कंपनीच्या कन्सोलमधल्या बस कंप्रेसरच्या धर्तीवर केलेल्या प्लगिनांत हे पर्याय तयारच असतात. सुई चारच्या खाली जायला लागली तर मास्टर बसवरून हात काढा आणि मागे जाऊन कुठला ट्रॅक उसळतोय ते शोधा.

खर्जात कोण कोण बसलंय

मला विचाराल तर लाऊड न होणाऱ्या घरगुती मिक्समध्ये सर्वात मोठा चोर इथे असतो. ढोलकीची डावी बाजू, किक आणि सिंथ बेस, तिघेही ६० ते १०० हर्ट्झमध्ये. दोन सारखे आवाज एकाच फेजमध्ये (लाटा एकदमच वर-खाली होत) एकत्र आले की ६ डीबी वाढतात. त्या भागात आपला कान मुळात मंद आहे, त्यामुळे गाणं तेवढं मोठं वाटत नाही, पण मास्टरवरची जागा मात्र भरते.

त्याहून खालचा भाग तर निव्वळ नुकसान. एलयूएफएस मोजायची पद्धत, म्हणजे २००६ साली आलेला आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा बीएस.१७७० हा मानक, मोजण्याआधी अगदी खोल खर्ज फिल्टरने कमी करते. लिमिटर तसं काही करत नाही. म्हणजे पंख्याची घरघर, माइकच्या स्टँडमधून आलेला धक्का, सिंथच्या तळाशी असलेलं २५-३० हर्ट्झचं गुरगुरणं, या सगळ्यासाठी लिमिटर झुकतो आणि आकड्यात त्याचा फायदा जवळजवळ शून्य. पेटी, कोरस, गायक, ताशा यांचा खालचा भाग त्या त्या वाद्याला धक्का लागणार नाही तिथपर्यंत कापून टाका. खर्जाच्या वाद्यांवरही ३० च्या आसपास हायपास.

मग ठरवा की तळ कोणाचा. किक आणि बेस दोघांना तळ दिला तर एकाने दुसऱ्याला वाट द्यावी लागते: बेसवर कंप्रेसर, साइडचेन किकचं, किक पडेपर्यंत तीन-चार डीबी बाजूला आणि लगेच परत. ढोलकीची डावी बाजू तळाला ठेवायची असेल तर किक काढून बघा. बऱ्याच गाण्यांत ती नकोच असते, सवयीने टाकलेली असते. आणि ढोलकी दोन माइकांनी घेतली असेल तर एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटून ऐका. उलटल्यावर खर्ज भरीव झाला, तर इतका वेळ दोन माइक एकमेकांना खात होते आणि तुम्ही ईक्यूने ते भरून काढत होता.

फोनवर बेस ऐकू येत नाही म्हणून तो वाढवणं हाही याच घरातला चोर. काळी एकमधला बेसचा सा ६९ हर्ट्झ, फोनच्या स्पीकरमधून तो येणारच नाही, कितीही वाढवा. बेसवर थोडं सॅच्युरेशन (हलकी मोडतोड) द्या. १३८, २०७, २७६ असे वरचे हार्मोनिक तयार होतात, फोन त्यातले वरचे वाजवतो आणि कान खालचा सूर मनाने भरून घेतो. फेडर उलट एक-दोन डीबी खाली आणता येतो.

बेस चरचरतो

याचं कारण बहुतेक वेळा एकच. पांढरी पाचचा खालचा सा ४९ हर्ट्झ, म्हणजे एक पूर्ण लाट साधारण २० मिलिसेकंदांची. रिलीज त्याच्याही खाली ठेवलात तर कंप्रेसर प्रत्येक लाटेवर उठाबशा काढतो आणि लाटेचा आकारच मोडतो. बेसवर रिलीज शंभरच्या वर घ्या, अटॅक २०-३०, आणि डिटेक्टर पीकऐवजी आरएमएसवर (सुळक्याऐवजी सरासरीवर). लिमिटरचा रिलीज फार जलद असेल तरी हीच चरचर येते, तिथे ऑटो बरा.

ध्रुपद येतं आणि गाणं लहान होतं

हे सर्वात उशिरा लक्षात येतं. कडव्यात फक्त गायक, पेटी आणि हलकी ढोलकी. ध्रुपदाला ताशा, हलगी, कोरस, किक सगळे येतात. कागदावर स्फोट व्हायला हवा, पण प्रत्यक्षात उलटं: कडव्यात गायक कानाशी असतो आणि ध्रुपदात मागे सरकतो. कडव्यात लिमिटर झोपलेला असतो, ध्रुपदात त्याच्यावर सगळं एकदम येऊन आदळतं आणि तो सहा डीबी खाली बसतो. जो फरक तुम्ही वाद्यवृंद रचताना केलात तो लिमिटरने पुसून टाकला.

कंप्रेसरच्या बटणांत याचा उपाय नाही, ऑटोमेशनमध्ये, म्हणजे गाण्याच्या ओघात फेडर आपोआप हलवण्यात, आहे. मास्टर बसच्या आधी सगळ्या गाण्याचा फेडर कडव्यात एक ते दीड डीबी खाली घ्या. ध्रुपदाच्या पहिल्या समेवर तो परत शून्यावर. ध्रुपदात गायकाचा फेडर अर्धा-पाऊण डीबी वर, कोरस थोडा रुंद आणि मागे. ध्रुपदाच्या आधीच्या मात्रेत एक श्वासाची जागा मोकळी सोडता आली तर त्याहून छान. दिमडीचा एक बोल, बाकी शांतता, आणि मग सम. एवढ्याने मीटर हलत नाही, पण ऐकणारा हलतो.

पॅरलल कंप्रेशनची इथे फार मदत होते. तालवाद्यांचा बस एका सेंडवर (त्याची प्रत नेणाऱ्या वेगळ्या वाटेवर) घ्या, त्यावर कंप्रेसर निर्दयपणे लावा, १०:१, जलद अटॅक, १५ डीबी कापलेले. सुळके गेलेले, फक्त मांसल नाद उरलेला. हा सेंड शून्यावरून हळूहळू मूळ आवाजाखाली मिसळा. मूळ सुळका जागेवर राहतो, नाद भरतो, म्हणजे पीक फारसा न वाढता लाऊडनेस वाढतो. ध्रुपदात हा सेंड दोन डीबी वर करा. मात्र मिसळल्यावर ढोलकी पोकळ, नळीतून आल्यासारखी वाटली तर दोन वाटांमध्ये उशीर पडलाय. काही प्लगिन लेटन्सी (स्वतःमुळे पडणारा उशीर) नीट कळवत नाहीत. कंप्रेसर सेंडवर न ठेवता त्याच ट्रॅकवर ठेवून त्याच्या वेट-ड्रायच्या (दाबलेला आणि मूळ आवाज यांच्या प्रमाणाच्या) बटणाने मिसळा, सहसा सुटतं.

आता लिमिटर

इथपर्यंत आलात तर लिमिटरला करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. सर्वात भरलेलं ध्रुपद लावा आणि दोन-तीन डीबी कापेल एवढाच रेटा. बायपास करून, आवाज जुळवून, फक्त ढोलकीकडे कान ठेवा. थाप बोथट झाली असेल तर परत मागे: ताशाचा क्लिपर, मग खर्ज, मग ऑटोमेशन, या क्रमाने. आकडा उणे ९ वर थांबला तर थांबू द्या.

आकड्याबद्दल एवढंच. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणं उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतं. यूट्यूबही साधारण तिथेच, फक्त ते मोठं गाणं खाली आणतं, लहान गाणं वर उचलत नाही. ॲपल म्युझिकचं साउंड चेक उणे १६ च्या आसपास. तुम्ही थापेचा जीव घेऊन उणे ७ गाठलंत की स्पॉटिफायवर ते सात डीबी खाली येतं आणि मेलेली थाप मेलेलीच राहते. ट्रू पीकही (लाट प्रत्यक्ष वाजताना गाठते ती खरी उंची) बघा. एमपी३ किंवा तत्सम फॉरमॅटमध्ये जाताना पीक वाढतात, म्हणून लिमिटरची मर्यादा उणे १ डीबी ट्रू पीक. उणे १४ पेक्षा मोठ्या मास्टरसाठी स्पॉटिफाय उणे २ सुचवतं.

हे सगळं गाणं ॲपवर वाजणार असेल तेव्हाचं. मंडपात, पेनड्राइव्हवरून, आधीच्या गाण्याला लागून वाजणार असेल तर तिथे कोणी आवाज जुळवून देत नाही आणि निर्माता ‘अजून मोठं कर’ म्हणतो त्यात तथ्य असतं. त्याच्यासाठी वेगळी फाइल काढा, लिमिटर दीड-दोन डीबी जास्त. फक्त त्या फाइलमध्ये खर्ज वाढवू नका. मोठ्या सिस्टिमवर स्पीकर जळू नयेत म्हणून साउंडवाल्याने स्वतःचा लिमिटर लावलेला असतो. तुमचा जास्तीचा खर्ज तिथे पोहोचला की तो झुकतो, आणि तुमची ढोलकी दुसऱ्यांदा बसते. सबवूफर असलेल्या एखाद्या सिस्टिमवर ही फाइल आधी एकदा लावून ऐकता आली तर बघा, आणि ऐकताना साउंडवाल्यालाच विचारा की त्याच्या लिमिटरचा लाल दिवा कुठल्या ठोक्याला पेटतोय.